कोजागरीचा खरा जागर

आश्विन शुद्ध पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’ म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत संचार करते, या श्रद्धेवरून कोजागरी हे नाव रूढ झाले. भिवंडीत मात्र यंत्रमागांच्या खडखडाटात रात्रपाळीचा कामगार नित्यच जागा असतो. आणि जेथे तान्हे मूल आहे, तेथे त्याची आईही.

तरुणपणी एका कोजागरीस आम्ही मित्रमंडळींसह गच्चीवर केशरी दुधाचा आस्वाद घेत बसलो होतो. शास्त्रचर्चा रंगली होती. खाली आमची सहधर्मचारिणी रडणाऱ्या लेकराला घेऊन एकटीच येरझारा घालीत होती. अखेर एका मित्राच्या वृद्ध मातोश्रींनी तिच्या खांद्यावरचे मूल आपल्याकडे घेतले व म्हटले, “पोरी, तू घटकाभर नीज. मी आहे.” आमच्या पांडित्यास जे सुचले नाही, ते त्या माउलीस सुचले!

या पौर्णिमेस ज्येष्ठ अपत्यास ओवाळण्याची रीत आहे. वाचकहो, ओवाळणी बाळाची व्हावीच. परंतु यंदा ज्या घरी पाळणा हलतो आहे, तेथेच मित्रमंडळींनी दूध घेऊन जावे, आणि पाळण्याची दोरी आळीपाळीने धरावी.