धुळ्यात दर तिसरा माणूस ‘गरीब’? हा आकडा येतो कुठून?

नंदुरबारमध्ये निम्म्याहून जास्त लोक गरीब, धुळ्यात साधारण एक तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातले हे आकडे अजूनही फिरतात. त्यावर पहिली शंका ठरलेली: आमच्या घरी तर कुणी विचारायला आलंच नाही!

खरंच आलं नसेल. हे आकडे २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून काढलेत. त्यात ६४० जिल्ह्यांतली सुमारे ६ लाख घरं होती, म्हणजे एका जिल्ह्यात सरासरी ९४०. ही घरं लॉटरीसारखी निवडतात. ओळखीची किंवा सोयीची घरं घेतली, तर सगळं गणितच फसेल.

आणि इथे गरिबी पगारावरून ठरत नाही. शेतमजुराला महिन्याची कमाई विचारली तर तो काय सांगणार? कापूस वेचणीत वेगळी, उन्हाळ्यात वेगळी. त्याऐवजी आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे १२ निकष तपासतात. प्रश्नही नीट ऐकण्यासारखे आहेत. ‘गॅस आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही. स्वयंपाक मुख्यतः कशावर होतो, हे विचारतात. सिलिंडर कोपऱ्यात आणि चुलीत पऱ्हाट्या, तर ते घर इंधनाच्या बाबतीत वंचितच.

समजा, चोपडा तालुक्यातलं एक घर आहे. चूल लाकडावर, शौचालय नाही, घर कच्चं. राहणीमानातल्या प्रत्येक उणिवेला १/२१ गुण, म्हणजे तिन्ही मिळून १४.३ टक्के. घरातलं एक मूल कुपोषित, त्याचे १६.७. बेरीज ३१. गरिबीची रेषा ३३.३ टक्क्यांवर, म्हणून हे घर ‘गरीब नाही’! पण सुनेच्या बाळंतपणाआधी चारऐवजी दोनच तपासण्या झाल्या असतील, तर आणखी ८.३ टक्के वाढतात आणि अख्खं कुटुंब गरिबांत मोजलं जातं. मला तरी हा भाग टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण कुठे कमी पडतंय ते यातून कळतं.

यात नाव आलं म्हणून पिवळं रेशन कार्ड मिळत नाही, हेही लक्षात घ्या. ती यादी वेगळी, तिचे नियम वेगळे.

२०२३च्या अहवालात महाराष्ट्राचं प्रमाण १४.८ वरून ७.८ टक्क्यांवर आलेलं दिसतं. मात्र त्यासाठीची राज्यातली पाहणी २०१९मध्ये झाली होती. कोरोनाचा फटका त्यात नाही.

दुसरी अडचण आपल्या भागाची. यावल-रावेरला एकीकडे केळीच्या बागा, तर दुसरीकडे त्याच तालुक्यांत सातपुड्यातले पाडे. नऊशे-साडेनऊशे घरांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो, तालुक्याचा नाही. त्यामुळे जळगावच्या सरासरीत हे पाडे वेगळे दिसतच नाहीत. निधी कुठे द्यायचा हे फक्त या आकड्यावरून ठरवलं, तर नंदुरबार नजरेत येईल, पण सातपुड्याच्या त्याच रांगेतला जळगावचा पाडा राहून जाईल.