सेगन पदक
ग्रहविज्ञानाची ओळख सर्वसामान्य जनतेला करून देण्यात उल्लेखनीय यश मिळविणाऱ्या शास्त्रज्ञास देण्यात येणारा अमेरिकेतील सन्मान. तो अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ग्रहविज्ञान विभागातर्फे देण्यात येतो. अमेरिकन ज्योतिर्विद कार्ल सेगन (१९३४–९६) यांचे नाव त्यास देण्यात आले असून पहिले पदक १९९८ मध्ये देण्यात आले.

लोकांसाठी लेखन व भाषणे करणाऱ्या शास्त्रज्ञाचे संशोधनाकडे दुर्लक्ष होते, असा समज विद्वानांच्या वर्तुळात दीर्घकाळ प्रचलित होता. सेगन यांना त्याची झळ पोहोचली, असे सामान्यतः मानले जाते. शुक्राच्या पृष्ठभागाचे अत्युच्च तापमान त्याच्या दाट वातावरणातील हरितगृह परिणामामुळे आहे, या विचाराच्या प्रतिपादनात त्यांचा मोठा वाटा होता. कॉसमॉस (१९८०) ही त्यांची तेरा भागांची दूरचित्रवाणी मालिका अनेक देशांत लोकप्रिय झाली. तथापि १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडेमी ऑफ सायन्सेसच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव पुढे आले असता ते मतदानात नाकारण्यात आले. त्याच ॲकॅडेमीने १९९४ मध्ये त्यांना लोककल्याण पदक दिले. लोकप्रसाराचे मोल मान्य करणे आणि तो करणाऱ्यास संशोधक म्हणून बरोबरीचे स्थान देणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसून येते.

सेगन पदकात या दोहोंची सांगड घातलेली आहे; मानकरी हा ग्रहविज्ञानात प्रत्यक्ष कार्य करणारा असावा लागतो. पहिले मानकरी विल्यम हार्टमन यांनी चंद्राच्या उत्पत्तीविषयीचा महाआघात सिद्धांत सहकाऱ्यासह मांडला (१९७५); अवकाशातील दृश्यांची चित्रेही त्यांनी काढली. हायडी हॅमल (२००२) यांनी शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे १९९४ मध्ये गुरूवर आदळले, तेव्हा हबल दुर्बिणीने त्यांची छायाचित्रे घेणाऱ्या गटाचे नेतृत्व केले. कॅरोलिन पॉर्को (२०१०) या शनीकडे पाठविलेल्या कॅसीनी यानाच्या छायाचित्रण गटाच्या प्रमुख होत्या.

सर्व विज्ञानशाखांसाठी असलेले युनेस्कोचे कलिंग पारितोषिक याहून जुने आहे. ओडिशातील बिजू पटनाईक यांच्या देणगीतून सुरू झालेले हे पारितोषिक १९५२ मध्ये प्रथम देण्यात आले. ब्रिटिश ज्योतिर्विद फ्रेड हॉईल यांना ते १९६७ मध्ये, तर त्यांचे शिष्य जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांना १९९६ मध्ये मिळाले. या दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला आणि दोघांनीही विज्ञानकथा लिहिल्या; नारळीकरांनी त्या मराठीत लिहिल्या. लोकप्रसार व मूलभूत संशोधन परस्परांना बाधक नाहीत, याची ही गुरुशिष्यांची जोडी साक्ष देते.