एफडीएचे पत्र आणि पडलेला शेअर: औषध कंपन्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

औषध कंपनीच्या कारखान्यावर नियामकाने कारवाई केली की तिचा शेअर एका दिवसात दहा ते वीस टक्के खाली येऊ शकतो. असा पडलेला शेअर घ्यावा की नाही, याचे उत्तर भावाच्या आलेखात सापडत नाही. कारवाई कोणी केली, ती कोणत्या टप्प्यावर आहे, त्या कारखान्यावर कंपनीची किती कमाई अवलंबून आहे आणि दोष तिथल्यापुरताच आहे की कंपनीभर पसरला आहे, यावर ते ठरते. बरेचसे गैरसमज होतात ते याच चार मुद्द्यांवर.

पहिला गोंधळ नियामकाविषयीच असतो. अकोला-अमरावतीच्या वर्तमानपत्रांत ‘एफडीएची धाड’ अशी बातमी येते ती बहुतेक वेळा गुटख्याच्या साठ्याची. ही एफडीए म्हणजे महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन. अकोला जिल्हा तिच्या अमरावती विभागात मोडतो आणि मेडिकल स्टोअरचा परवानाही तीच देते. शेअर बाजार हादरतो तो अमेरिकेच्या एफडीएमुळे. भारतातल्या मोठ्या औषध कंपन्यांसाठी अमेरिका ही सर्वांत महत्त्वाच्या बाजारपेठांपैकी एक आहे आणि तिथे माल विकायचा तर कारखाना वाळूजला असो की विशाखापट्टणमला, त्याला अमेरिकी निरीक्षकांसाठी दार उघडावे लागते. उलट, देशातली गंभीर घटना शेअर बाजारापर्यंत पोचेलच असे नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये वऱ्हाडाला लागून असलेल्या छिंदवाड्याच्या भागात ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे औषध घेतलेली मुले दगावली. औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले, महाराष्ट्रातही ते वापरू नये अशी सूचना निघाली. ते बनवणारी तमिळनाडूतील श्रीसन ही कंपनी मात्र शेअर बाजारात नोंदलेलीच नव्हती.

‘फॉर्म ४८३ आला म्हणजे बंदी आली’ ही समजूत सर्वांत जास्त पसरलेली आहे. तपासणी संपताना निरीक्षक आपली निरीक्षणे ज्या कागदावर लिहून देतात, तो फॉर्म ४८३. कंपनीने १५ कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. त्यानंतर एफडीए त्या तपासणीला तीनपैकी एक शेरा देते: एनएआय म्हणजे कारवाईची गरज नाही, व्हीएआय म्हणजे कंपनीने आपणहून सुधारणा करावी, ओएआय म्हणजे अधिकृत कारवाई होऊ शकते. चांगल्या चालणाऱ्या कारखान्यालाही चार-पाच निरीक्षणांचा ४८३ मिळतो आणि पुढे व्हीएआय शेऱ्यावर प्रकरण मिटते. निरीक्षणांची नुसती संख्या मोजून काही कळत नाही. लेबलांच्या नोंदीतल्या दहा त्रुटींपेक्षा निर्जंतुक इंजेक्शनच्या विभागातली एकच त्रुटी भारी पडू शकते.

त्यावरची पायरी वॉर्निंग लेटरची. ते एफडीएच्या संकेतस्थळावर जाहीर होते. विक्री चालू राहते, पण त्या कारखान्यातून येणाऱ्या नव्या औषधांची मंजुरी एफडीए रोखून धरू शकते. जेनेरिक कंपनीला हे फार जड जाते, कारण जुन्या औषधांचे भाव दरवर्षी घसरतात आणि ती तूट नव्या औषधांनी भरून काढायची असते. इम्पोर्ट अलर्ट त्याहून कडक. त्यात त्या कारखान्याचा माल अमेरिकेच्या बंदरातच अडवला जातो. तरीही ही कारवाई कारखान्यावर असते, अख्ख्या कंपनीवर नव्हे. औषधांचा तुटवडा होणार असेल तर काही औषधांना सूटही मिळते. इप्का या मुंबईच्या कंपनीचे काही कारखाने २०१५ पासून इम्पोर्ट अलर्टखाली होते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची मागणी वाढली, तेव्हा याच एफडीएने त्या औषधापुरती अट शिथिल केली.

महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण वोक्हार्टचे आहे. अकोल्याहून पुण्याला जाणारी बस छत्रपती संभाजीनगर सोडल्यावर ज्या वाळूज औद्योगिक वसाहतीजवळून जाते, तिथे या कंपनीचा इंजेक्शनांचा कारखाना आहे. मार्च २०१३ मध्ये तिथे एफडीएची तपासणी झाली. निरीक्षकांना कचऱ्याच्या जागेत सुमारे ७५ बॅचच्या अनधिकृत नोंदी फाडून टाकलेल्या सापडल्या. मे महिन्यात वाळूजवर इम्पोर्ट अलर्ट लागला, जुलैत वॉर्निंग लेटर आले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच शहरातल्या चिकलठाण्याच्या कारखान्यावरही इम्पोर्ट अलर्ट लागला. मार्चमध्ये २,००० रुपयांच्या वर असलेला शेअर ऑगस्टपर्यंत ५०० रुपयांच्या खाली आला होता.

‘एवढा पडला म्हणजे स्वस्त झाला’ हा गैरसमज इथे उघडा पडतो. ५०० रुपयांना घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर २,००० चा आकडा असतो, पण तो भाव अमेरिकेत माल विकू शकणाऱ्या कंपनीचा होता. अकोल्यातला व्यापारी तुरीचा भाव पडला की माल गोदामात ठेवून वाट पाहतो. त्यात तथ्य आहे, कारण डाळमिलला तूर लागणारच असते. औषध कंपनीच्या शेअरमागे अशी ठरलेली मागणी नसते. परवानगीच अडली तर वाट पाहण्याला शेवट नसतो. वोक्हार्टने २०२० मध्ये देशांतर्गत व्यवसायाचा एक भाग डॉ. रेड्डीजला १,८५० कोटी रुपयांना विकला. २०२३ च्या सुरुवातीला शेअर २०० रुपयांच्या आसपास होता. पुढच्या वर्षी तो १,००० च्या वर गेला, तो मुख्यतः नव्या प्रतिजैविकांच्या आशेवर. जुलै २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतला जेनेरिक व्यवसाय सोडत असल्याचे जाहीर केले. म्हणजे २०१३ मध्ये ज्या व्यवसायावर घाव पडला, त्यासाठी शेअर धरून बसलेल्याला तो व्यवसाय परत मिळालाच नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण डिव्हीज लॅबोरेटरीजचे. मार्च २०१७ मध्ये तिच्या विशाखापट्टणमजवळच्या ‘युनिट-२’ वर इम्पोर्ट अलर्ट लागला आणि २१ मार्चला शेअर सुमारे २० टक्के कोसळला. इथल्या वॉर्निंग लेटरमध्येही संगणकातल्या नोंदींच्या सुरक्षिततेचा मुद्दा होताच, त्यामुळे ‘डेटाचा दोष म्हणजे कंपनी संपली’ हेही खरे नाही. पण काही औषधांना सूट मिळाली, दोष दुसऱ्या कारखान्यात निघाला नाही, कंपनीने दुरुस्ती केली आणि नोव्हेंबरपर्यंत अलर्ट उठला. २०२१ मध्ये हाच शेअर ५,००० रुपयांच्या वर पोचला. पहिल्या दिवशीची घसरण पाहून या दोन कंपन्यांत फरक करता आला नसता. तो दिसला दुसऱ्या कारखान्याच्या तपासणीत.

मोठ्या कंपनीने पैसा घातला म्हणजे धोका टळला, असेही मानले जाते. जून २००८ मध्ये जपानच्या दाइची सांक्यो या औषध कंपनीने भारतातल्या रॅनबॅक्सीचा शेअर ७३७ रुपयांना घेण्याचे ठरवले. सप्टेंबरमध्ये एफडीएने पाओंटा साहिब आणि देवास येथील कारखान्यांतून येणाऱ्या ३० हून अधिक औषधांवर इम्पोर्ट अलर्ट लावला. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. एप्रिल २०१४ मध्ये सन फार्माने ती घ्यायचे ठरवले, तेव्हा शेअरचे मोल ४५७ रुपये धरले गेले आणि भागधारकांना एका शेअरमागे सनचा ०.८ शेअर मिळाला. वकील, सल्लागार, हिशेबनीस यांची फौज बाळगणाऱ्या खरेदीदाराला जे वेळेत कळले नाही, ते इथल्या किरकोळ गुंतवणूकदाराला कळेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

‘अमेरिकेला भारतीय कंपन्या नकोतच, म्हणून ही पत्रे येतात’ हा युक्तिवाद कंपनीच्या चाहत्यांत लोकप्रिय आहे. पण एफडीए अमेरिकेतल्या कारखान्यांवरही अशीच कारवाई करते. जेन्झाइम या कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधील कारखान्यावर २०१० मध्ये न्यायालयामार्फत देखरेख आली होती. पत्रामागच्या हेतूचा तर्क लढवण्यापेक्षा पत्रातला मजकूर वाचावा.

परवानगी परत मिळाली की शेअर जुन्या भावाला जाईल, हा हिशेब बहुधा चुकतो. मधल्या काळात दुरुस्तीचा, सल्लागारांचा खर्च होतो आणि प्रतिस्पर्धी गिऱ्हाईक घेऊन जातात. नोव्हेंबर २०१७ मध्ये लुपिनच्या गोवा आणि पिथमपूर येथील कारखान्यांना एकत्र वॉर्निंग लेटर आले आणि शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के उतरला. तो त्याआधीही घसरत होता, कारण अमेरिकेत जेनेरिकचे भाव पडत होते आणि ८८ कोटी डॉलरला घेतलेल्या गॅव्हिस या कंपनीकडून अपेक्षित फळ मिळत नव्हते. २०१५ मध्ये २,००० रुपयांच्या वर गेलेल्या या शेअरला तो भाव पुन्हा दिसायला २०२४ उजाडले. नऊ वर्षांनी मुद्दल परत मिळणे याला कमाई म्हणत नाहीत.

अमरावतीत शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. वऱ्हाडातली बी. फार्म. झालेली मुले-मुली औषध कारखान्यांच्या गुणवत्ता विभागांत (क्यूए, क्यूसी) काम करतात. त्यामुळे ‘भाचा कंपनीत आहे, ऑडिट चांगले झाले म्हणतो’ अशी टिप घरातच मिळते. एका विभागातल्या कर्मचाऱ्याला एफडीएचा अंतिम शेरा माहीत नसतो. आणि खरोखर माहीत असेल, तर जाहीर न झालेल्या अशा माहितीवर शेअर घेणे-विकणे सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांखाली गुन्हा आहे, भाच्यासाठी आणि मामासाठीही.

‘स्टॉप-लॉस लावला आहे, काळजी नाही’ हा विश्वासही अशा शेअरमध्ये फोल ठरतो. अमेरिकेचा दिवस म्हणजे भारताची रात्र. बातमी अनेकदा बाजार बंद असताना येते आणि सकाळी शेअर उघडतो तोच दहा टक्के खाली. ९०० ला लावलेला स्टॉप-लॉस मग ८२० ला लागतो. ज्या शेअरला सर्किटची, म्हणजे दिवसातल्या चढ-उताराची, मर्यादा आहे, तिथे लोअर सर्किट लागल्यावर घेणाराच नसतो.

तपासायचे ते सगळे फुकट उपलब्ध आहे. वॉर्निंग लेटर आणि इम्पोर्ट अलर्टची यादी एफडीएच्या संकेतस्थळावर असते, कंपनीचे निवेदन बीएसई आणि एनएसईवर. निवेदनात ‘पुरवठ्यावर परिणाम होणार नाही’ असे असेल, तर ते चालू मालाबद्दल आहे. अडकलेल्या नव्या मंजुऱ्यांबद्दल त्यात काहीच नसते. त्या कारखान्यातून अमेरिकेच्या विक्रीचा किती वाटा येतो आणि किती नवे अर्ज तिथून केले आहेत, हे तिमाही निकालानंतरच्या चर्चेत विश्लेषक हमखास विचारतात आणि तिचे टिपण कंपनीच्या संकेतस्थळावर सापडते. तिथे कंपनीने आकडा देण्याचे टाळले असेल, तर तो शेअर सोडून द्यावा. बाजारात दुसऱ्या औषध कंपन्या भरपूर आहेत.