गाडी अडखळते तेव्हा

एप्रिलमधली गोष्ट. गडचिरोलीला नणंदेकडचं बारसं आटोपून आम्ही चंद्रपूरला परतत होतो. मूल मागे पडलं आणि गाडी धडधडू लागली. वेग येईना, समोर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. "चिचपल्लीपर्यंत काढू," हे म्हणाले. दोन्ही बाजूंना जंगल, वाघांचा मुलूख! थांबायचा धीर मलाही झाला नाही. गाडी तशीच रेटत घरी आणली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये चारही प्लग, चारही कॉइल बदलायला सांगितलं. खर्च ऐकून आम्ही ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. "ताई, दिवा मिचकत असताना गाडी दामटायची नसते," ते म्हणाले.

का, ते सांगते. आमच्या गाडीला चार सिलिंडर आहेत. प्रत्येकात हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. ठिणगी चुकली की ते सिलिंडर बंद. पेट्रोल मात्र येतच राहतं. शेगडीचा बर्नर विझला तरी गॅस येत राहतो ना, तसं! हे पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो भयंकर तापतो, खराब होतो. खाली सागाचा वाळला पाला असेल तर आगीचीही भीती.

म्हणून दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठावं. उघडझाप करत असेल तर पालापाचोळा नसलेली जागा पाहून, कडेला थांबून इंजिन बंद करावं. जंगलात खाली उतरू नये; मदत बोलवावी.

मिस्त्रींनी कॉम्प्युटर जोडला. आकडा आला पी ०३०२. शेवटचा दोन म्हणजे दुसरं सिलिंडर. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. गाडी पुन्हा चालवली, तर आकडा ०३०३! दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. दोष जागचा हलला नसता तर आधी प्लग, मग उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, इंजेक्टर आणि शेवटी सिलिंडरमधला दाब तपासायचा.

एकाच कॉइलवर काम भागलं. कन्व्हर्टर वाचला, ते आमचं नशीब.

तेव्हा मैत्रिणींनो, "सगळंच बदला" असं कुणी म्हटलं, की एवढंच विचारा, "कोणतं सिलिंडर? अदलाबदल करून पाहिलंत का?"