वळणावर कमावलेला वेग

"मावशी, सोडू नकोस! धर, अजून धर... आता सोड!"

दिवाळीच्या सुट्टीत माझी अकरा वर्षांची भाची चार दिवस माझ्या शेजारी बसून हे ओरडत होती. टीव्हीवर 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' चालू होता, कंट्रोलर माझ्या हातात होता आणि गाडी एका लांब वळणावर घसरत होती. मागच्या चाकांतून आधी निळ्या ठिणग्या उडाल्या, मग नारिंगी. मी बटण सोडलं. गाडी पुढे झेपावली, मला आनंद झाला, पण भाची हळहळली. "अगं, जांभळ्या यायच्या होत्या!"

रेसिंगच्या खेळातला बूस्ट म्हणजे बटण दाबलं की मिळणारी फुकटची गती, असंच मी तोवर धरून चालले होते. त्या चार दिवसांत कळलं की हा वेग आधी कमवावा लागतो, आणि तो कमावण्याची जागा सरळ रस्त्यावर नसून वळणावर आहे. गाडी जिथे मंदावायला हवी, नेमकी तिथेच पुढच्या झेपेची तयारी चालते. ही कल्पना मला इतकी आवडली की तिच्या मागे लागून मी बरेच जुने-नवे खेळ खेळून पाहिले.

मारिओ कार्टमध्ये वळणाच्या तोंडाशी एक बटण दाबलं की गाडी छोटी उडी मारते. बटण तसंच दाबून ठेवून कंट्रोलरवरची काठी वळवली, तर उतरताना ती आडवी होऊन घसरू लागते. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. बोट बटणावर असेपर्यंत घसरणं चालू राहतं आणि आत बूस्ट साठत जातो. साठा किती झाला हे ठिणग्यांच्या रंगावरून कळतं: निळा, मग नारिंगी आणि सर्वात शेवटी गुलाबीसर जांभळा. हा तिसरा रंग २०१७च्या डिलक्स आवृत्तीत आला. २०१४च्या मूळ खेळात दोनच होते. बोट उचललं की जमलेलं सगळं एका झटक्यात मिळतं. निळ्याचा झटका क्षणात विरतो, जांभळ्याचा बराच टिकतो.

यात एक मेख आहे. काठी वळणाच्या आतल्या बाजूला दाबून धरली तर साठा लवकर भरतो, पण गाडीही आत ओढली जाते आणि कडेच्या गवतात शिरली की वेग पार गळतो. काठी बाहेर ढकलली तर वळण रुंद होतं आणि साठाही सावकाश भरतो. त्यामुळे रंगाकडे एक डोळा आणि रस्त्याकडे दुसरा, अशी कसरत सतत चालते. पाखरं हाकायला गोफण फिरवणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चटकन कळेल. गरगर फिरणाऱ्या गोफणीत जोर साठत असतो, पण दगड कुठे जाणार हे दोरीचं एक टोक कोणत्या क्षणी सुटतं त्यावर ठरतं.

ही युक्ती एका दिवसात घडलेली नाही. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या 'मारिओ कार्ट ६४'मध्ये नुसतं धरून ठेवून भागत नसे. घसरत असतानाच काठी उलट-सुलट हलवावी लागे. एकदा हलवली की चाकांमागचा धूर पांढऱ्याचा पिवळा होई, दुसऱ्यांदा हलवली की लालसर, आणि मग सोडायचं. २००५च्या 'मारिओ कार्ट डीएस'मध्येही अशीच हालचाल होती, पण तिथे बोटं चपळ असलेल्यांना एक फट सापडली. वळण नसतानाही, सरळ रस्त्यावर डावीकडे-उजवीकडे घसरत ते एकामागून एक बूस्ट काढू लागले. गाडी सापासारखी वळवळत जाई, म्हणून या प्रकाराला स्नेकिंग हे नाव पडलं. ज्याला ते जमे तो पुढे, बाकीचे मागे, आणि अंगठे दुखून येत ते वेगळंच. २००८च्या 'मारिओ कार्ट वी'मध्ये काठी हलवण्याची गरजच काढून टाकली. साठा घसरण्याच्या वेळेवर भरू लागला आणि सरळ रस्त्यावरच्या वळवळीतला फायदा संपला. मला हा बदल मनापासून पटतो. कौशल्य बोटांच्या वेगाकडून निघून योग्य क्षणाच्या निवडीकडे आलं.

तरीही या सगळ्यात माझं मन सर्वात जास्त रमलं ते १९९९ साली प्लेस्टेशनसाठी आलेल्या 'क्रॅश टीम रेसिंग'मध्ये. नॉटी डॉग या अमेरिकी कंपनीने तो बनवला होता, आणि बूस्टचा इतका बारीक विचार मला दुसऱ्या कुठल्या खेळात सापडला नाही. इथे खांद्यावरच्या एका बटणाने घसरायचं आणि दुसऱ्या बाजूच्या बटणाने बूस्ट उडवायचा. पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी भरत जाते आणि शेवटाकडे लाल होते. गाडीच्या धुराड्यातून काळा धूर निघू लागला की समजायचं, वेळ आली. एका घसरणीत असे तीन बूस्ट मिळू शकतात. पट्टी जितकी जास्त भरू द्याल तितका झटका मोठा, पण ती पूर्ण भरून गेली तर काहीच मिळत नाही. इंजिन फटकन फुसकं होतं आणि त्या घसरणीतली कमाई संपते. मारिओ कार्टमध्ये जांभळा रंग आल्यावर वाट पाहणाऱ्याला शिक्षा नाही. इथे लोभाची किंमत तिथल्या तिथे वसूल होते.

त्याहून सुंदर गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. प्रत्येक बूस्टबरोबर खेळ आतल्या आत थोडी शिल्लक जमा करत जातो. ही शिल्लक आहे तोवर गाडी वाढीव वेगातच राहते. म्हणून मुरलेला खेळाडू पहिला बूस्ट विझायच्या आत दुसरा काढतो, वळण नसेल तर उंचवट्यावरून उडी मारून हवेतल्या वेळेचा बूस्ट घेतो, आणि तीन फेऱ्या ही साखळी तुटू देत नाही. चांगल्या खेळाडूची शर्यत पाहताना गाडी कधी साध्या वेगाने चालते हेच कळत नाही. २०१९मध्ये हा खेळ नव्या रूपात आला तेव्हाही हा गाभा तसाच ठेवला गेला.

काही खेळांनी किंमत दुसऱ्या नाण्यात मागितली. निन्टेन्डोच्या १९९८च्या 'एफ-झीरो एक्स'मध्ये दुसऱ्या फेरीपासून बूस्ट हवा तेव्हा मिळतो, पण तो गाडीच्या ऊर्जेतूनच जातो आणि धक्के सोसण्याची ताकद म्हणजेही तीच ऊर्जा. जास्त उधळली की भिंतीचा एक धक्का शर्यत संपवतो. ब्रिटनच्या क्रायटेरियनने २००१मध्ये आणलेल्या 'बर्नआउट'ने धोक्यालाच इंधन केलं: समोरून येणाऱ्या वाहनांच्या लेनमध्ये घुसा, दुसऱ्या गाडीला खेटून जा, पट्टी भरते. आणि २००३च्या 'कर्बी एअर राइड'मध्ये तर वाहन आपोआप चालतं. त्याचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी त्यात ब्रेक आणि साठा एकाच बटणावर बसवले. दाबून धरलं की वेग मंदावतो आणि साठा भरतो, सोडलं की बाण सुटतो. इतकी साधी, इतकी नेमकी रचना क्वचितच पाहायला मिळते.

खऱ्या गाडीत मात्र घसरणं म्हणजे निव्वळ तोटा. टायर रस्त्यावर घासतो, ऊर्जा उष्णतेत जाते, रबर जळतं, हाती काही उरत नाही. पण वेग कमी करताना वाया जाणारं काहीतरी पकडून ठेवायचं आणि पुढे वापरायचं, हा विचार खऱ्या शर्यतीतही उतरला आहे. २००९ साली फॉर्म्युला वनमध्ये केईआरएस आलं. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवायची आणि बटण दाबून परत घ्यायची. नियमाने मर्यादा होती एका फेरीत ४०० किलोज्यूल, ताकद ६० किलोवॅट. म्हणजे फेरीला साधारण साडेसहा सेकंदांचा बूस्ट. त्याच वर्षी हंगेरीत लुईस हॅमिल्टनने या यंत्रणेच्या गाडीने पहिला विजय मिळवला. ते साडेसहा सेकंद कुठे खर्च करायचे, हे प्रत्येक फेरीत चालकालाच ठरवावं लागे.

भाचीने मला शेवटच्या दिवशी २०० सीसीवर बसवलं. २०१५मध्ये मूळ खेळाला जोडलेला हा सर्वात वेगवान वर्ग. तिथे सगळं उलटं झालं. गाड्या इतक्या धावतात की मोठा बूस्ट चुकीच्या जागी सोडला तर तो तुम्हाला थेट रस्त्याबाहेर फेकतो. घसरता घसरता ब्रेकही दाबावा लागतो, म्हणजे साठा चालू राहतो आणि गाडी रस्त्यावर राहते. मी दोनदा दरीत पडले आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला.

शेवटची फेरी होती. तिच्या चाकांतून नारिंगी ठिणग्या उडत होत्या, जांभळ्या अगदी येण्याच्या बेतात होत्या. तिने बोट उचललं.

"अगं, जांभळ्या?" मी विचारलं.

"पुढे लगेच उलटं वळण आहे ना," ती म्हणाली. नजर पडद्यावरच होती, आणि तोवर गाडीने उडी मारून दुसऱ्या बाजूला घसरायला सुरुवातही केली होती.