औषध अळीच्या अंगवळणी पडत नसतं

‘अळीला औषधाची सवय झालीय, डोस वाढवा.’ तुरीला फुलं लागली की निलंग्याच्या कृषी सेवा केंद्रांत हे वाक्य कानावर येतं. संक्रांतीच्या सुमारास हरभऱ्याला घाटे धरले की तेच पुन्हा ऐकू येतं. दुकानदार म्हणतो, शेतकरी म्हणतो, आणि लातूरला नीटची तयारी करणारा त्याचा मुलगाही घरी आल्यावर मान डोलावतो. त्याच मुलाच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात कीटकनाशकांना दाद न देणारे कीटक कसे निवडले जातात, याचा स्पष्ट उल्लेख आहे. सराव परीक्षेत तो बरोबर पर्यायावर खूण करतो, पण ते उत्तर आपल्या वावराला लावत नाही.

या समजाचा राग येतो, कारण त्याची किंमत मोठी आहे. सवय झाली असं मानलं, की उपाय एकच सुचतो: जास्त डोस, जास्त फवारण्या, एका पंपात दोन-तीन औषधं. खर्च वाढतो, पीक जायचं ते जातंच, आणि पाठीवर पंप घेणाऱ्याच्या अंगावर जास्त विष उडतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याला बरीच कारणं होती. तरीही अळी औषधाला सरावते या समजुतीतून होणारी मिश्रणं आणि वाढीव मात्रा हा धोका वाढवतात, हे नाकारता येत नाही.

आता वस्तुस्थिती. घाटेअळी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिचं अळीपण दोन-तीन आठवड्यांचं. तेवढ्यात ती पुरेशा औषधाखाली सापडली तर मरते, नाहीतर वाचते. विष थोडं थोडं पचवत सरावायला तिच्याकडे ना वेळ असतो ना तशी सोय. बदलतं ते वावरातल्या सगळ्या अळ्यांचं मिळून झालेलं मिश्रण. एक मादी शेकड्यांनी, कधी हजारावर अंडी घालते. एवढ्या पिलावळीत काहींच्या अंगातली प्रथिनं इतरांपेक्षा किंचित वेगळी असतात, आणि हा फरक औषधाची बाटली उघडण्याआधीपासून असू शकतो. फवारणी ही चाळणी आहे. साध्या अळ्या गळून जातात, वेगळ्या वर उरतात, आणि पुढची पिढी उरलेल्यांची असते. चार-पाच पिढ्यांनी तुम्हाला दिसते ती ‘सरावलेली’ अळी खरं तर न मेलेल्यांची पणती असते.

‘फरक आधीपासून असतो कशावरून?’ हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर संग्रहालयात मिळालं. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना त्रास देणारी एक माशी मॅलॅथिऑनला दाद देईनाशी झाली होती. संशोधकांनी १९५० च्या आधीच्या, म्हणजे त्या गटातली औषधं तिथं वापरात येण्यापूर्वीच्या, टाचणी टोचून ठेवलेल्या माश्यांचा डीएनए काढला. मॅलॅथिऑन निकामी करणारा बदल त्यांतल्या काही माश्यांत आधीच होता. हा अभ्यास २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. ज्या माशीनं ते औषध पाहिलंच नव्हतं, तिला त्याची सवय कुठून होणार? बदलही केवढासा, तर एका प्रथिनातल्या एकाच अमिनो आम्लाचा.

एका अमिनो आम्लानं इतका फरक का पडावा, यातच सगळी गोम आहे. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची लांब साखळी. ती सरळ राहत नाही. ठरावीक पद्धतीनं दुमडते, आणि त्या घडीत खोबणी, कपारी, भोकं तयार होतात. प्रथिनाचं काम त्या आकारावर चालतं. औषधाचा रेणूही कुठल्या तरी प्रथिनाच्या अशाच खोबणीत जाऊन बसतो, तेव्हाच अळी मरते. क्लोरँट्रानिलीप्रोल आणि फ्लुबेंडिअमाइड ही दोन्ही औषधं अळीच्या स्नायूंतल्या एका प्रचंड प्रथिनाला चिकटतात. त्याची साखळी पाच हजारांहून अधिक अमिनो आम्लांची. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात त्यातल्या ४९४६ व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलं आणि दोन्ही औषधांचा जोर ओसरला. ग्लायसिन हे सर्वांत छोटं अमिनो आम्ल. त्या जागी मोठं आणि विद्युतभारित अमिनो आम्ल आल्यावर औषधाला तिथं धड बसता येत नाही. फिलिपिन्स आणि थायलंडमधल्या पतंगांत हा बदल सापडल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता आपल्या घाटेअळीकडे येऊ. फेनव्हलरेटची भुकटी मराठवाड्यात जुन्या पिढीनं पोत्यांनी धुरळली आहे. हे औषध अळीच्या मज्जातंतूंवर घाव घालतं. ऑस्ट्रेलियातली घाटेअळी त्याला पुरून उरते, त्याचं कारण जर्मनीतल्या येना शहरातल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटानं २०१२ मध्ये शोधलं. अळीच्या गुणसूत्रावर दोन सारखी जनुकं शेजारी शेजारी होती. पुनरुत्पादनाच्या वेळी देवाणघेवाणीत त्यांची जुळणी चुकली, एकाचा पुढचा भाग दुसऱ्याच्या मागच्या भागाला जोडला गेला आणि सुमारे पाचशे अमिनो आम्लांचं एक नवं विकर जन्माला आलं. मूळच्या दोघांनाही जमत नव्हतं ते या जोडविकराला जमलं: फेनव्हलरेटच्या रेणूला ऑक्सिजन जोडून त्याचं विष उतरवणं. एवढ्यानं अळीची सहनशक्ती बेचाळीस पट झाली. पुढे २०१४ मध्ये पाकिस्तानातल्या घाटेअळीतही असंच जोडविकर सापडलं, स्वतंत्रपणे तयार झालेलं, आणि ते सायपरमेथ्रिन निकामी करत होतं. या दोन्ही ठिकाणी अळी काही शिकली नव्हती. जनुकांची जुळणी चुकली, आणि फवारणीनं त्या चुकीला राज्य मिळवून दिलं.

इथं जाणकार एक हरकत घेतील, आणि ती योग्य आहे. घाटेअळी खाण्याप्रमाणे आपली पाचक विकरं बदलते, मग ती जुळवून घेते असं का म्हणू नये? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं याच अळीवर मोठं काम केलं आहे. हरभऱ्याच्या दाण्यात अळीचं पचन बंद पाडणारी संरक्षक प्रथिनं असतात. अळीच्या आतड्यातली विकरं ती प्रथिनंच निकामी करतात, हे या गटानं १९९८ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी हरभरा, तूर, कापूस या अळीच्या नेहमीच्या खाद्यातली आणि भुईमूग, बटाटा, चौधारी घेवडा या न खाल्ल्या जाणाऱ्या पिकांतली प्रथिनं ताडून पाहिली. परक्या पिकांतली प्रथिनं जास्त प्रभावी ठरली, आणि परिणाम टिकवायचा तर ती आलटून पालटून वापरावी लागतील असा निष्कर्ष निघाला. म्हणजे अळी विकरं बदलते हे खरं. पण ती बदलते तिच्याजवळ असलेल्या विकरांपैकीच. त्यांची जनुकं तिला पूर्वजांकडून मिळालेली असतात, आणि ते पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तूर-हरभऱ्यावर निवडले गेलेले असतात. आयुष्यात नव्या विषाला तोंड दिल्यानं नवं प्रथिन तयार होऊन पिलांना मिळतं, असं घडत नाही.

मग आपल्याकडे फरक कशानं पडेल? निलंगा तालुक्यात सोयाबीन, त्यामागून तूर, मग हरभरा. हेलिकोव्हर्पाला तिन्ही चालतात. तिन्हींवर एकाच जातकुळीचं औषध मारलं, तर त्याच पतंगांच्या ओळीनं येणाऱ्या पिढ्या जून ते जानेवारी एकाच चाळणीतून जातात. म्हणून औषधाचा गट बदलायला हवा, आणि गट म्हणजे कंपनी किंवा बाटलीचा रंग नव्हे. क्लोरँट्रानिलीप्रोल मारल्यावर पुढच्या वेळी फ्लुबेंडिअमाइड आणलं, तर पैसे दुसऱ्या नावाला मोजले, पण घाव त्याच प्रथिनावर घातला. त्याऐवजी इमामेक्टिन किंवा इंडोक्झाकार्ब आणलं तर निशाणा खरोखर बदलतो. कारण एका खोबणीत बदल झालेली अळी दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीत बहुधा साधीच असते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फवारणी कमी वेळा करणं. कामगंध सापळ्यात रोज आठ-दहा पतंग सलग दोन-तीन दिवस दिसले, तर हत्यार उपसायची वेळ आली असं कृषी विद्यापीठं सांगतात. तोवर पाच टक्के निंबोळी अर्क, पक्षिथांबे, अळीला रोग लावणारा एचएएनपीव्ही विषाणू ही साधनं आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातही ती वर्षानुवर्षं येतात. त्यांचा उपयोग फक्त खर्च वाचवण्यापुरता नाही. जिथं विष पडत नाही तिथं साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी मिलन करतात आणि प्रतिकाराची जनुकं गावात एकवटत नाहीत.

आता सोबतचे इतर गैरसमज.

‘बीटी बियाणं कंपनीनं बिघडवलं, म्हणून बोंडअळी आली.’ बियाण्यातलं प्रथिन तेच होतं, गुलाबी बोंडअळी बदलली. बीटी कपाशीतलं क्राय१एसी हे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटून भोक पाडतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या प्रतिकारक अळ्यांच्या कॅडहेरिन जनुकात आठ वेगवेगळे बिघाड सापडले. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन प्रथिनांचा २००६ मध्ये, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या कपाशीचं बोंडअळीनं अतोनात नुकसान केलं. मधल्या काळात साध्या बियाण्याचं १२० ग्रॅमचं पाकीट कडेच्या ओळींत पेरायचं होतं, ते बहुतेक ठिकाणी पेरलंच गेलं नाही.

‘जैविक औषधाला प्रतिकार येत नाही.’ येतो. बीटी जिवाणूच्या फवाऱ्याला चौकोनी ठिपक्यांच्या पतंगानं हवाईमध्ये दाद दिली नाही, हे १९९० मध्येच नोंदलं गेलं.

‘प्रतिकारक अळी सगळ्याच बाबतींत जास्त दणकट असते.’ बहुतेकदा उलट. बदललेलं प्रथिन मूळ काम जरा कमी नीट करतं, म्हणून फवारणी थांबली की अशा अळ्यांचं प्रमाण अनेकदा घटतं.

‘योगायोगानं प्रथिन बनणं अशक्य, म्हणून उत्क्रांती खोटी.’ शंभर अमिनो आम्लांची साखळी फासे टाकून बनवायची असती, तर हे गणित बरोबर ठरलं असतं. निसर्ग जुन्या, चालत्या प्रथिनात एक-दोन जागा बदलतो किंवा दोन जोडतो, हे वरच्या बऱ्याच उदाहरणांत दिसलं.

‘उत्क्रांती कुणी डोळ्यांनी पाहिली?’ जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी याच धर्तीवर डार्विनला चूक ठरवलं, आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. मराठवाड्याच्या शेतकऱ्यानं उत्क्रांती पाहिली आहे. कपाशीच्या बोंडात आणि हरभऱ्याच्या घाट्यात ती त्याच्या पैशानं घडली.

‘आता संगणक प्रथिनं बनवतो, अळीचा कायमचा बंदोबस्त होईल.’ संगणकानं मोठी मजल मारली, यात वाद नाही. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर यांना संगणकावर नवी प्रथिनं रचण्यासाठी आणि डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना घडीचा अंदाज बांधण्यासाठी मिळालं. प्रयोगशाळेत उत्क्रांती घडवूनही नवी प्रथिनं मिळतात. हार्वर्डच्या गटानं २०१६ मध्ये क्राय१एसीला पाचशेहून अधिक पिढ्या बदलत नेलं, आणि प्रतिकारक अळ्यांवर ते मूळ प्रथिनाच्या ३३५ पटींपर्यंत प्रभावी ठरलं. पण हे काम प्रयोगशाळेत, कोबीवरच्या एका अळीवर झालं. ते उद्या बियाण्यात आलं तरी शेतात त्याच्यावरही निवडीचा तोच नियम चालेल. साध्या पिकाच्या ओळी न ठेवता ते सगळीकडे पेरलं, तर त्याचंही २०१७ होईल.

नवं प्रथिन शोधायला दहा-वीस वर्षं आणि अमाप पैसा लागतो. ते निकामी करायला काही हंगाम पुरतात. म्हणून हातात असलेली औषधं टिकवणं ही सगळ्यांची जबाबदारी आहे. पतंग बांध ओळखत नाही, औराद शहाजानीचा पतंग भालकीच्या शिवारातही उतरतो, त्यामुळे हे एकट्यादुकट्यानं साधणार नाही. गावानं मिळून ठरवावं की या पंधरवड्यात कोणता गट वापरायचा आणि पुढच्यात कोणता. दुकानात डोस वाढवून मागण्याआधी ‘हे कोणत्या गटातलं?’ असं विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर बाटलीवरचं रासायनिक नाव लिहून घ्या आणि कृषी सहायकाला किंवा विद्यापीठाच्या तज्ज्ञाला विचारून मगच पैसे मोजा.