दोन पूल आणि एक सायकल

आमच्या कारध्याहून भंडाऱ्याला जायचं तर मध्ये वैनगंगा आडवी येते. ती ओलांडायला दोन पूल. एक जुना, ब्रिटिशांच्या काळातला, बुटका. त्याला सगळे 'लहान पूल' म्हणतात. दुसरा महामार्गाचा, उंच आणि रुंद. तो 'मोठा पूल'. १९९५ साली भंडाऱ्यातल्या एका कार्यालयात मी कारकून म्हणून लागलो. पहिल्या दिवशी सायकल बाहेर काढली तेव्हा अब्बांनी विचारलं, ''कोणत्या पुलानं जाशील?'' मी म्हटलं, ''लहान.'' ते म्हणाले, ''आणि पावसाळ्यात?'' मी गप्प बसलो. पुढची वीसेक वर्षं मी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

आधी आनंदाचं सांगतो, कारण मी सायकलीवर बसलो तो आनंदासाठी. पैसे वाचत होतेच, पण ते नंतर लक्षात आलं. सकाळी साडेनऊला निघायचं. लहान पुलावर चढलं की दोन्ही बाजूंना नदी. हिवाळ्यात पाण्यावर धुकं असायचं आणि समोरून येणारा माणूस आधी घंटीच्या आवाजानं कळायचा, मग दिसायचा. रोवणीच्या दिवसांत डोक्यावर परे घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेनं चाललेल्या असत. दिवाळीच्या पुढेमागे बांध्यांतून कापलेल्या धानाचा वास यायचा. बसमधल्या माणसाला हे काचेतून दिसतं. सायकलवाल्याच्या ते अंगावरून जातं. मी कविता लिहितो. माझ्या बऱ्याच ओळी पुलाच्या या टोकाला सुरू झाल्या आणि त्या टोकाला विसरल्या गेल्या, कारण हातात हँडल होतं, पेन नव्हतं. त्याचं दुःख नाही. ज्या खरंच चांगल्या होत्या, त्या परतीच्या वाटेवर पुन्हा भेटल्या.

आता थोडा हिशेब. घर ते कार्यालय साधारण चार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ. वर्षाचे कामाचे २५० दिवस धरले तर दोन हजार किलोमीटर होतात. वीस वर्षांत ४०,०००. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे कारध्याचा एक कारकून नदीच्या अल्याड-पल्याड करता करता जगाच्या प्रदक्षिणेला पंचाहत्तर किलोमीटर कमी पडला. ते दहा दिवसांचं काम.

हे जमतं कसं? माझी सायकल साधी, काळी, अठ्ठावीस इंची. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक पूर्ण फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या जवळपास पुढे जाते. चार किलोमीटरला सातशे-साडेसातशे फेरे पुरतात. त्यातच उतार आला, वारा पाठीला लागला तर पाय नुसते ठेवायचे. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला शरीराचं सगळं वजन थोडं वर उचलतो आणि खाली टाकतो. सायकलीवर ते वजन सीट वाहते आणि पायांची ताकद जवळजवळ सगळी पुढे जाण्यात खर्च होते. म्हणून तेवढंच अंतर कापायला सायकलीला चालण्याच्या साधारण एक पंचमांश शक्ती लागते. वेग मात्र जपून वाढवावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा रेटा चौपट. जूनमध्ये नदीवरून समोरचा वारा सुटला की हा नियम शाळेत न गेलेल्या माणसालाही समजतो.

ही गोष्ट थोड्या लोकांची नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या पंचेचाळीस घरांत सायकल होती. शेती सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी शंभरात तेरा जण कामावर सायकलीनं जात होते. ही संख्या अडीच कोटींच्या वर जाते. त्यांत गवंडी आहे, दूधवाला आहे, चौकीदार आहे, कारखान्याची पाळी करणारा आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांना व्यायाम म्हणून सायकल चालवायची नसते. वेळेवर पोचायचं असतं आणि धडधाकट घरी यायचं असतं.

आता ते 'धडधाकट'.

पावसाळ्यात नदी फुगली की लहान पुलावरून पाणी जातं आणि रहदारी बंद होते. मग सायकल मोठ्या पुलावर. सुरतेकडून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा हा महामार्ग पूर्वी सहा क्रमांकाचा होता, २०१०च्या नव्या क्रमवारीत तो त्रेपन्न झाला. क्रमांक बदलला तरी ट्रक तेच. मोठा ट्रक जवळून गेला की काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. ट्रक जवळ येतो तेव्हा त्याच्या तोंडापुढची हवा सायकलवाल्याला बाहेर ढकलते. ट्रक पुढे निघून गेला की मागे पोकळी होते आणि तीच हवा आत ओढते. नवखा माणूस पहिल्या धक्क्याला घाबरून हँडल रस्त्याच्या मध्याकडे वळवतो आणि नेमकं तेव्हाच ओढ सुरू होते. तोल तिथे जातो. अशा वेळी हात ताठ करायचे नाहीत, ब्रेक दाबायचा नाही, सरळ चालवत राहायचं.

सायकलीचा तोल ही मजेची गोष्ट आहे. ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचं चाक जरासं वळतं आणि पडणाऱ्या सायकलीच्या खाली पुन्हा आधार येतो. चालवणारा हे दर क्षणी नकळत करत असतो. वेग कमी असेल तर जास्त वळवावं लागतं, म्हणून हळू चालणारी सायकल जास्त डोलते. मागून येणाऱ्या गाडीवाल्याला वाटतं, हा वेडावाकडा चालवतो. भाऊ, त्याला तेवढी जागा लागतेच. निदान एक मीटर सोडून जा.

दुसरा धोका पाण्याचा. जुन्या पद्धतीच्या सायकलीचे ब्रेक लोखंडी रिमवर रबर घासून लागतात. रिम ओली झाली की रबर सटकतं आणि सायकल कोरड्या रस्त्यापेक्षा कितीतरी लांब जाऊन थांबते. उपाय साधा आहे. थांबायच्या खूप आधी ब्रेक हलके दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं, मग खरा ब्रेक लावायचा. पुढचा ब्रेक जास्त कामाचा असतो, कारण थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं. पण तो एकदम आवळला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. दोन्ही सोबत आणि हळूहळू दाबावेत. आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याचा भरवसा धरू नये. डबकं वर सगळीकडे सारखंच दिसतं, खाली वीतभर खड्डाही असू शकतो.

वाहत्या पाण्याचं तर नावच काढू नका. पुलावरून नुसतं वीतभर पाणी वाहत असलं की माणसाला वाटतं, एवढ्यानं काय होतं? वीतभर वाहतं पाणी उभ्या माणसाचे पाय उखडू शकतं. फूटभर पाण्यात लहान मोटारगाडी तरंगू लागते. सायकलीची दोन चाकं पाण्याला आडवी धरलेली दोन सुपंच. एका संध्याकाळी, १९९७चा पावसाळा असेल, लहान पुलावर चार बोटं पाणी आलं होतं. माझ्यासोबत तीन-चार सायकलवाले उभे होते. घरं समोर दिसत होती, चुलींचा धूरही दिसत होता. एकानं पँट वर दुमडली. तेवढ्यात एक म्हातारा कोळी म्हणाला, ''पाणी किती आहे ते पाहू नका बाबू, खाली पूल दिसतो का ते पाहा.'' पूल दिसत नव्हता. आम्ही सगळे मागे फिरलो आणि मोठ्या पुलानं अंधारात घरी आलो. घाबरत आलो, पण आलो.

मी पडलो तो मात्र पुरात नाही. २०१२च्या डिसेंबरात, कोरड्या रस्त्यावर, मोठ्या पुलाच्या अलीकडे. मागून हॉर्न वाजला, मी बाजूला झालो. डांबर संपून साइडपट्टी सुरू होते तिथे चार बोटांची पायरी होती. पुढचं चाक खाली उतरलं आणि मी ते वर घेण्यासाठी तिरपं वळवलं. हीच चूक. चाक त्या कडेला घासत राहिलं, वर चढलं नाही. मी उजव्या खांद्यावर पडलो. नशीब, गाडी पुढे निघून गेली होती. खांद्याजवळचं हाड मोडलं. अशा वेळी चाक खालीच राहू द्यावं, वेग कमी करावा, थांबून सायकल उचलून वर घ्यावी. हे शहाणपण मला दीड महिना हात गळ्यात बांधून मिळालं.

घरात फर्मान निघालं: सायकल बंद. मी काही महिने लोकांच्या मोटारसायकलींवर मागे बसून गेलो. वजन वाढलं, चिडचिड वाढली आणि ओळी सुचायच्या थांबल्या. पुढच्या वर्षी मी पुन्हा सायकल काढली. फरक इतकाच की मागे लाल परावर्तक लावला, पुढे दिवा, डोक्यावर हेल्मेट. कार्यालयात हसले. ''कवी अंतराळात चालले का?'' मी म्हटलं, ''नाही, अंतराळात जाऊ नये म्हणून.''

खरी परीक्षा पुढे होती. २०१८ साली माझी मुलगी भंडाऱ्याच्या कॉलेजात जाऊ लागली आणि म्हणाली, ''अब्बा, मी सायकलीनं जाणार.'' वीस वर्षं लोकांना सायकलीचे गुण सांगणारा मी पटकन म्हणालो, ''नाही.'' ती म्हणाली, ''मग तुम्ही का जाता?'' मला पुन्हा अब्बांचा प्रश्न आठवला. पुन्हा मी गप्प.

ती चुकीचं बोलत नव्हती. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या सुमारास साक्षरता मोहिमेसोबत बाया सायकल शिकल्या. त्या हजारोंच्या संख्येनं शिकल्या आणि बाजारहाटासाठी कुणाची वाट पाहायचं थांबलं. बिहारनं २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशानं वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. मुलीचं शिक्षण बसच्या वेळापत्रकावर टांगलेलं राहू नये, एवढीच त्यामागची गोष्ट.

आणि धोक्याचं काय? ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून जास्त नोकरदारांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून अभ्यास झाला. २०१७ साली निष्कर्ष आला की सायकलीनं कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसतो. त्याच नोंदींतून २०२० साली दुसरी बाजू पुढे आली. इजा होऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांचं प्रमाण सायकलवाल्यांत शंभरात सात होतं आणि मोटारीनं किंवा बसनं जाणाऱ्यांत चारच्या थोडं वर. अभ्यासकांनी हिशेब मांडला: हजार माणसं दहा वर्षं सायकलीनं गेली तर इजेमुळे दाखल होणारे २६ वाढतील, पण कर्करोगाचे रुग्ण १५, हृदयविकाराचे ४ आणि मृत्यू ३ कमी होतील. म्हणजे दोन्ही खरं आहे. सायकल जगवते आणि सायकल पाडतेही. हे आकडे तिकडच्या रस्त्यांचे आहेत. आपल्या रस्त्यांवर पाडण्याचं पारडं जड होऊ शकतं, आणि ते हलकं करणं एकट्या सायकलवाल्याच्या हातात नाही. साइडपट्टी सपाट हवी, पुलावर सायकलीला वेगळी पट्टी हवी, दिवे लागलेले हवेत. ही मागणी गरिबाची वाटते म्हणून मागे पडते.

शेवटी आम्ही बाप-लेकीनं करार केला. पहिले पंधरा दिवस मी मागे, ती पुढे. लहान पूल सुरू असेल तेव्हाच सायकल. नदी चढली की बस. अंधार पडायच्या आत घरी. हेल्मेट. ओढणी कमरेला बांधलेली, कारण चेनला ओढणीची फार आवड असते. दर रविवारी हवा, ब्रेक, चेन तपासायची, तीही तिनंच. तिनं एक अट घातली: ''हेच नियम तुम्हालाही.'' मी मान्य केलं. वीस वर्षांनी माझ्या पावसाळ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, तेही तिच्या तोंडून: पाऊस असेल तर बसनं जायचं अब्बा, त्यात काय लाज?

२०२०च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि वैनगंगेला मोठा पूर आला. लहान पूल बुडाला, आमच्या गल्लीतही पाणी शिरलं. माणसं, कागद, धान्य हलवलं. सायकली राहून गेल्या. पाणी ओसरल्यावर दोन्ही चिखलात आडव्या सापडल्या. मुलीनं अंगणात पोतं पसरलं, चाकं काढली, धुरे उघडले. आत गाळ होता. एकेक छर्रा रॉकेलमध्ये धुतला, ताटलीत मोजून ठेवला, नवं ग्रीस भरलं. एक छर्रा कमी भरला. तो शोधायला आम्ही दोघं गुडघ्यावर बसून अर्धा तास चिखल चाळत होतो.

सापडला. दोन्ही सायकली चालू झाल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)